रिपोर्ट आला, पुढे काय?

सरकारी दवाखान्यात रक्त घेतलं की सीबीसीसाठी ते जांभळ्या झाकणाच्या नळीत जातं, साखरेसाठी राखाडी झाकणाच्या. नळीवर बारकोड चिकटतो, नमुने शीतपेटीतून प्रयोगशाळेकडे निघतात आणि तपासणी झाली की रिपोर्ट ऑनलाइन परत येतो. केंद्र सरकारच्या एचएलएल लाइफकेअर या कंपनीमार्फत २०१७ पासून राज्यात राबवल्या गेलेल्या ‘महालॅब’ची ही पद्धत. १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा २०१८ मध्ये केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आला. अशा जिल्ह्यात मानोरा किंवा रिसोडच्या मजुराला तपासणी गावाजवळ आणि मोफत मिळणं, म्हणजे शहराची एक खेप आणि एका दिवसाची मजुरी वाचणं. या सेवेचं मोल मोठं आहे, म्हणूनच तिचं यश कशात मोजायचं हे नीट ठरवलं पाहिजे.

माझं म्हणणं असं, की रिपोर्ट किती तासांत आला हे माप अपुरं आहे. उपचार कधी सुरू झाले हे खरं माप. झांबियात दहा आरोग्य केंद्रांना बाळांच्या एचआयव्ही चाचणीचे निकाल एसएमएसने पाठवायला सुरुवात झाली, तेव्हा सरासरी ४४ दिवसांची प्रतीक्षा २७ दिवसांवर आली. सुधारणा ठसठशीत, तरीही २७ दिवस उरलेच. कारण एसएमएस निकाल आणतो, नमुना नेत नाही. तो रस्त्यानेच जातो. वाटेत नळी तापली किंवा रक्तातला द्रव पेशींपासून वेळेत वेगळा केला नाही, तर पेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. मग तीच चूक इंटरनेटवरून झटक्यात आरोग्य केंद्रात पोहोचते.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्रच केंद्रात बसवा. क्षयरोगासाठी ते झालंही आहे: गोव्याच्या मोलबायो कंपनीचं बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट तासाभरात निदान देतं. पण थायरॉइडपासून यकृतापर्यंतच्या सगळ्या तपासण्यांची यंत्रं, रसायनं आणि तंत्रज्ञ प्रत्येक केंद्राला पुरवणं परवडणारं नाही. दुसरा आक्षेप असा, की संदेश थेट रुग्णाच्या मोबाइलवर जातो, मग अडचण कसली? अडचण अशी, की घरातला एकुलता मोबाइल बरेचदा कामासाठी बाहेरगावी गेलेल्या मुलाकडे असतो. आणि गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं, तर तो गंभीर रक्तक्षय आहे आणि आजच दवाखाना गाठायचा आहे, हे नुसता आकडा सांगत नाही. ते सांगायला आशाताईच दारात जावी लागते.

वाट आपल्याला ठाऊक आहे. २०१२ पासून चालणाऱ्या ‘निक्षय’ प्रणालीत क्षयरुग्णाची नोंद निदानापाशी थांबत नाही. उपचार सुरू झाले का, पूर्ण झाले का, हेही त्यात लिहावं लागतं. तोच नियम धोक्याच्या प्रत्येक रिपोर्टला लावावा. रिपोर्ट कोणी पाहिला, रुग्णाला कोणी गाठलं, काय केलं, हे तीन रकाने भरल्याशिवाय तो निकाली निघू नये. एएनएम आणि आशांवर कागदांचा बोजा आधीच फार आहे, हे खरं. म्हणून ही नोंद सरसकट नको, फक्त धोक्याच्या निकालांपुरती हवी आणि तिच्या बदल्यात एखादी जुनी नोंदवही बंद व्हायला हवी. तपासणीवर सरकार पैसा खर्च करतं ते रुग्ण बरा व्हावा म्हणून. तेव्हा हिशेबही तिथपर्यंतचाच मागायला हवा.