वायरलेस मोडेम : डेटा मोड व कमांड मोड यांमधील संक्रमण

केंद्र शासनाने २००८ साली मंजूर केलेल्या आर-एपीडीआरपी या वीज-वितरण सुधारणा कार्यक्रमात स्काडा प्रणालीसाठी ज्या मोठ्या शहरांची निवड झाली, त्यांत भोपाळचा समावेश होता. चार लाखांहून अधिक लोकसंख्या व वर्षाला ३५ कोटी युनिटांहून अधिक वीजपुरवठा, असा त्या निवडीचा निकष होता. फीडर व रोहित्रांवरील मीटरची नोंद माणसाने जागेवर न जाता केंद्राकडे यावी आणि वीजगळती १५ टक्क्यांच्या आत आणावी, हा कार्यक्रमाचा हेतू होता. हे काम मीटरला जोडलेल्या छोट्या वायरलेस मोडेमवर अवलंबून असते. मोडेम चुकीच्या अवस्थेत अडकला, तर नोंद येत नाही आणि तंत्रज्ञाला रोहित्रापर्यंत जावे लागते. इलेक्ट्रिशियन, मोबाईल दुरुस्ती वा संगणक हार्डवेअर शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना म्हणूनच या दोन अवस्थांचे ज्ञान आवश्यक ठरते.

एकच तार, दोन कामे

मोडेम व त्याला जोडलेले यंत्र यांमध्ये साधारणतः एकच सिरियल जोडणी असते. तिच्यावरून दोन प्रकारचा मजकूर जातो. पहिला दूरच्या केंद्राकडे पाठवायचा असतो, तर दुसरा खुद्द मोडेमला दिलेला हुकूम असतो. कमांड मोडमध्ये मोडेम आलेले प्रत्येक अक्षर हुकूम म्हणून वाचतो. डेटा मोडमध्ये तो काहीही न वाचता सर्व पुढे पाठवतो. पोस्टमनला तोंडी सूचना देणे आणि त्याच्या हाती बंद पाकीट देणे, असा हा फरक आहे.

अमेरिकेतील हेज कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या स्मार्टमोडेममुळे ही पद्धत रूढ झाली. हुकूम ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होतो. ही अक्षरे ‘लक्ष द्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरून घेतली आहेत. उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना ‘तवज्जोह’ म्हटले की अर्थ चटकन उमगतो. नुसते ‘एटी’ पाठवल्यास सुस्थितीतील मोडेम ‘ओके’ असे उत्तर देतो. जोडणी झाली की ‘कनेक्ट’ असा संदेश येतो आणि मोडेम डेटा मोडमध्ये जातो. जीएसएम व त्यानंतरच्या मोबाईल जाळ्यांच्या मानकांनीही हीच हुकूमपद्धती स्वीकारून वाढवली.

परतीची वाट

डेटा मोडमधील मोडेम काहीच वाचत नसेल, तर त्याला ‘थांब’ असे सांगायचे कसे? यासाठी तीन अधिक-चिन्हांचा संकेत ठरला : +++. पण ही चिन्हे मजकुरातही येऊ शकतात. मीटरच्या द्विमान माहितीत एका बाइटला २५६ मूल्ये संभवतात. त्यामुळे यदृच्छेने सलग तीन अधिक-चिन्हे येण्याची शक्यता कोणत्याही एका स्थानी सुमारे १ कोटी ६८ लाखांत एक असते. रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ही शक्यता नगण्य नव्हे.

यावर हेज कंपनीने संरक्षक शांततेचा उपाय काढला. संकेताच्या आधी सुमारे एक सेकंद आणि नंतर एक सेकंद काहीही पाठवलेले नसेल, तरच मोडेम तो संकेत मानतो. हेज पद्धतीत हा काळ एस-१२ या नोंदवहीत ठेवला जातो. तेथील मूळ मूल्य ५० असून एकक सेकंदाचा पन्नासावा भाग आहे. संकेताचे चिन्ह एस-२ मध्ये असते व त्याचे मूल्य ४३, म्हणजे अधिक-चिन्हाचा क्रमांक.

प्रयोगशाळेत सर्वाधिक चूक येथेच होते. विद्यार्थी सवयीने तीन चिन्हांनंतर एंटर दाबतात. त्यामुळे नंतरची शांतता भंगते आणि मोडेम ती चिन्हे मजकूर समजून पुढे पाठवतो. योग्य क्रम असा : एक सेकंद थांबणे, तीन चिन्हे लागोपाठ देणे, एंटर न दाबता पुन्हा थांबणे, ‘ओके’ची वाट पाहणे आणि मगच हुकूम देणे. जोडणी या काळात तुटत नाही. ‘एटीओ’ दिल्यावर मोडेम पुन्हा डेटा मोडमध्ये जातो, तर ‘एटीएच’ दिल्यास जोडणी संपते. मात्र कमांड मोडमध्ये फार वेळ रेंगाळल्यास दूरचा सर्व्हर प्रतिसादाअभावी जोडणी बंद करू शकतो.

शांततेचे महत्त्व

काही उत्पादकांनी शांततेची अट वगळून मोडेम बनवले. परिणामी १९९०च्या दशकाच्या अखेरीस एक खोडी पसरली. तीन चिन्हे व जोडणी तोडण्याचा हुकूम असलेला पिंग संदेश डायल-अप वापरणाऱ्याकडे पाठवला जाई. त्याचा संगणक नियमानुसार तोच मजकूर उत्तरादाखल परत पाठवी. ते उत्तर बाहेर पडताना त्याचाच मोडेम त्यास हुकूम समजून फोन ठेवून देई. येथे लक्षात घ्यावे की मोडेम संकेत शोधतो तो स्वतःच्या यंत्राकडून येणाऱ्या मजकुरात, दुरून येणाऱ्या मजकुरात नव्हे. म्हणूनच या खोडीला उत्तराची गरज होती.

अन्य मार्ग

दुसरा मार्ग डीटीआर या स्वतंत्र तारेचा आहे. मोडेमला ‘एटी अँड डी १’ ही मांडणी दिल्यास ती तार खाली येताच तो जोडणी न तोडता कमांड मोडमध्ये येतो. ‘डी २’ असल्यास जोडणीच तुटते. केवळ तीन तारांची केबल वापरल्यास हा मार्ग उपलब्ध नसतो, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगावे. तिसरा मार्ग मल्टिप्लेक्सिंगचा. यात एकाच तारेवर अनेक आभासी वाहिन्या तयार होतात. एकीवर मजकूर चालू असतानाच दुसरीवर सिग्नलची ताकद विचारता येते व मोड बदलण्याची गरज उरत नाही.

निष्कर्ष

हुकूम व मजकूर एकाच वाटेने जात असतील, तर त्यांना वेगळे ओळखण्याची खूण पक्की असावी लागते. हा नियम मोडेमपुरता मर्यादित नाही. विद्यार्थ्याने केवळ हुकूम पाठ न करता त्या एका सेकंदाच्या शांततेचे कारण समजून घेतले, तर मोडेमचा नमुना बदलला तरी तो दोष शोधू शकेल. अध्यापनाचा भर त्यावरच असावा.