चित्रकारांचा नवा आश्रयदाता

व्यक्तिचित्रकाराचा चरितार्थ पूर्वी राजेरजवाड्यांच्या आणि अमीर-उमरावांच्या मर्जीवर चाले. वशिला लागला तर बिदागी मिळे, मर्जी खप्पा झाली तर कुंचला खाली ठेवून बसावे लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडन शहरी मात्र या जुन्या धन्याच्या जोडीस एक नवा आश्रयदाता उभा राहिला, आणि तो म्हणजे कॉफीगृहांतून हातोहाती फिरणारे वर्तमानपत्र.

1768 साली रॉयल अकॅडमी स्थापन होऊन दुसऱ्याच वर्षापासून तिची वार्षिक प्रदर्शने भरू लागली, तेव्हा तेथे लोटणाऱ्या गर्दीतील पुष्कळांना चित्राच्या गुणदोषांपेक्षा चित्रातील स्त्री कोण, याचेच कुतूहल अधिक असे. परंतु अकॅडमीची छापील यादी 1798 पर्यंत या बाबतीत मौन पाळून होती. ‘एका स्त्रीचे व्यक्तिचित्र’ एवढाच मोघम मजकूर तीत असे. ते नाव वर्तमानपत्रे फोडीत, आणि त्या नावासरशी चित्रकाराचे नावही घरोघर पोहोचे. पैसे घेऊन स्तुतिपर मजकूर छापण्याचा प्रघातही होताच. पण केवळ स्तुतीनेच कीर्ती वाढते असे नाही. किटी फिशर या विख्यात गणिकेने 1759 साली, आपली वर्तमानपत्रांतून नालस्ती होते आणि चित्रविक्यांच्या दुकानांतून आपले प्रदर्शन मांडले जाते, अशी तक्रार वर्तमानपत्रातच छापविली. त्याच सुमारास जोशुआ रेनल्ड्स तिला क्लिओपात्राच्या रूपात रंगवीत होते, आणि त्या चित्रावरून निघालेल्या छापील प्रतींमुळे दोघांचाही बोलबाला झाला.

तथापि या नव्या शक्तीचे खरे स्वरूप पाहावयाचे असेल तर ते थॉमस गेन्सबरो यांच्या चरित्रात. बाथ शहरी नाव कमावून 1774 साली ते लंडनला आले आणि पॅल मॅल रस्त्यावरील शोम्बर्ग हाऊस या वाड्याच्या एका भागात राहू लागले. ‘मॉर्निंग पोस्ट’चे संपादक हेन्री बेट हे त्यांचे स्नेही, धर्मोपदेशक असूनही हा गृहस्थ मोठा लढवय्या, आणि बदनामीच्या खटल्यात त्याने तुरुंगवासही भोगलेला. 1780 साली जुन्या पत्राशी फारकत घेऊन बेट यांनी ‘मॉर्निंग हेरल्ड’ काढले. गेन्सबरोंच्या चित्रशाळेत कोणाचे चित्र चालू आहे, याची वार्ता त्यांच्या स्तंभांतून प्रदर्शनाआधीच वाचकांना मिळे.

1784 साली तीन राजकन्यांचे चित्र अकॅडमीकडे धाडताना गेन्सबरोंनी अट घातली, की ते साडेपाच फुटांहून उंच टांगू नये; कारण त्यातील कोमल रंगकाम त्याहून वर दिसावयाचे नाही. अकॅडमीच्या कायद्याप्रमाणे पूर्णाकृती चित्रे बरीच उंच लागत, आणि कायदा बदलण्यास तिने साफ नकार दिला. गेन्सबरोंनी आपली सारी चित्रे परत मागविली, पुन्हा तेथे एकही पाठविले नाही, आणि आपल्याच घरी प्रदर्शन मांडले. एरवी अशा माणसाचे नाव चार-दोन वर्षांत विस्मृतीत जावयाचे. परंतु ‘हेरल्ड’ने त्यांची बाजू उचलून धरली आणि शोम्बर्ग हाऊसमधील चित्रांची वर्णने छापून लोकांचे लक्ष तेथे वेधीत ठेवले. 1788 साली ते वारले तोपर्यंत त्यांची प्रतिष्ठा तिळमात्र उणावली नव्हती.

ही प्रतिष्ठा बेट यांनी दिली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती गेन्सबरोंच्या कुंचल्याचीच होती. मात्र अकॅडमीशी वैर पत्करूनही ती टिकली, याचे मोठे श्रेय मी त्या वर्तमानपत्रास देतो. आपल्याकडील चित्रकारांची चरित्रे लिहिणारांनीही चित्रसंग्रहांइतक्याच आस्थेने मुंबई-पुण्याच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळाव्यात, आणि ग्रंथालयांनी त्या जीर्ण होण्यापूर्वी जपाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.