माहिती चौकट : रुग्णाची रीत, परिचारिकेची नोंद

कोळी, आगरी, कातकरी, कोकणी मुस्लिम, थोडे बेने इस्रायली : रायगड किनाऱ्यावरच्या दवाखान्यात रांग मात्र एकच. आंतरसांस्कृतिक परिचर्येचा पाया अमेरिकेच्या मॅडेलिन लेनिंजर यांनी घातला. न्यूझीलंडने १९९२ मध्ये ‘सांस्कृतिक सुरक्षितता’ परिचर्या-शिक्षणात सक्तीची केली. सांस्कृतिक सक्षमता परिचारिकेने कमवायची. सुरक्षित वाटले की नाही, हे रुग्ण ठरवतो. सगळ्यांना सारखीच सेवा हाच न्याय, असा आक्षेप येतो. पण अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टी-कोळसाभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. लसीची तारीख वाडीवर, बाळ भट्टीवर. रमजानमध्ये इन्सुलिनच्या वेळा सहरी-इफ्तारशी जुळवायच्या, तर डॉक्टरांशी बोलणे रोजे सुरू होण्याआधीच व्हावे लागते. अर्थात रोजा आहे का, हे नावावरून ठरवायचे नसते, विचारायचे.