नव्या घराला कुलूप? विमा कंपनी दिवस मोजतेय!

चावी मिळाली, वास्तुशांत झाली, दूध उतू गेलं, फोटो स्टेटसवर झळकले. आणि दुसऱ्या दिवशी घराला कुलूप! मुलांची परीक्षा आहे, किचनच्या ट्रॉल्या यायच्यात, जुन्या जागेचा भाडेकरार अजून दिवाळीपर्यंत आहे. 'नवी वास्तू रिकामी ठेवू नये गं,' असं आजी म्हणते तेव्हा आपण हसतो. विमा कंपनीही तेच म्हणते, फक्त ती कलम टाकून म्हणते.

तिसावा दिवस उलटला की...
वर्षानुवर्षं आपल्याकडे घराचा विमा 'स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स' या पॉलिसीखाली उतरवला जायचा. त्यात एक अट बारीक अक्षरांत बसलेली असे. घर सलग 30 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची आधी लेखी मंजुरी घेतली नसेल, तर संरक्षण थांबलं. हप्ता भरलेला असो, मुदत शिल्लक असो. राहत्या घरात धूर दिसला की कोणीतरी बोंब मारतं. बंद घरातला धूर शेजाऱ्यांच्या नाकापर्यंत जाईतो खोलीचा कोळसा झालेला असतो. म्हणून ही अट.

'घर पाहावं बांधून' हे विमावाल्यांनी शब्दशः घेतलंय
1 एप्रिल 2021 पासून घराचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी द्यावीच लागते. तिचं गणित ऐकून नवे घरमालक चक्क दुखावतात. ठाण्यातला सव्वा कोटीचा फ्लॅट, 600 चौरस फूट कार्पेट, बांधकामाचा खर्च समजा फुटाला 2,500 रुपये. विमा किती रकमेचा? 15 लाखांचा! कारण जमिनीला आग लागत नाही आणि 'स्टेशनपासून पाच मिनिटां'ना पूर येत नाही. विमा फक्त घर पुन्हा उभं करण्याच्या खर्चाचा.

घरातल्या सामानाला मात्र आपोआप इमारतीच्या रकमेच्या 20 टक्के संरक्षण मिळतं, कमाल 10 लाखांपर्यंत. म्हणजे वरच्या फ्लॅटमध्ये 3 लाख, मग आत सध्या एक प्लास्टिकची खुर्ची आणि पूजेचा पाट का असेना. दागिने मात्र त्यात धरू नका, त्यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं. आग, पूर, वादळ, भूकंप, दरड हे सगळं मूळ यादीतच आहे. किल्लारीचा भूकंप आणि चिपळूणचा पूर पाहिलेल्या महाराष्ट्राला ते पटवून द्यायला नको.

चोराला सात दिवसांची मुदत
या पॉलिसीत चोरी आहे, पण कशी? आग, पूर, भूकंप अशी विम्यातली आपत्ती आली आणि त्यानंतर 7 दिवसांच्या आत चोरी झाली, तरच. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि तिथेही सर्वेक्षक आधी कडी-कोयंडा बघतो. कुलूप तुटलेलं, दार उचकटलेलं दिसायला हवं. किल्ली पायपुसण्याखाली ठेवून गावाला गेलात तर देवच राखो.

खरा खलनायक नळ
चोराची भीती सगळ्यांना, पण रिकाम्या फ्लॅटचं नुकसान बऱ्याचदा पाणी करतं. प्लंबर दुपारी काम करून जातो. पाणी बंद असतं, म्हणून बेसिनचा नळ उघडा राहिलाय हे त्याच्या लक्षात येत नाही. संध्याकाळी सोसायटीची टाकी भरते. बाथरूमची जाळी टाइल्सच्या सिमेंटने बुजलेली. पाणी उंबरा ओलांडून हॉलमध्ये येतं, नव्या लाकडी फ्लोअरिंगखाली शिरतं, आणि सकाळी खालच्या काकूंच्या सोफ्यावर पीओपीचं छत उतरतं. टाकी किंवा पाइप फुटणं, ओसंडणं विम्याच्या यादीत आहे, पण काकूंचं छत तुमच्या मूळ पॉलिसीत येत नाही. त्याला त्रयस्थाच्या नुकसानीचं वेगळं संरक्षण लागतं. बाहेर पडताना मेन व्हॉल्व्ह बंद करायला मात्र एक पैसाही पडत नाही.

'बँकेने केलाय की विमा!'
कुणाचा? गृहकर्जाबरोबर गळ्यात मारलेला विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो, भिंतींचा नव्हे. आणि घराचा असलाच, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा.

बिल्डरचेही 30 दिवस
भिंतीला तडा गेला तर विम्याकडे धावू नका. सदोष बांधकाम विम्यात बसत नाही. रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला, तर तुम्ही कळवल्यापासून 30 दिवसांत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करायचा असतो.

थोडं सातासमुद्रापार
1666 च्या आगीत लंडनची 13,000 हून जास्त घरं जळाली, आणि त्या राखेतून घरांचा आगविमा जन्मला. विमा उतरवलेल्या घरांवर कंपन्या धातूचे बिल्ले ठोकत. अमेरिकेत फिलाडेल्फियातली एक विमा कंपनी दारापुढे झाड असलेली घरं नाकारू लागली, तेव्हा 1784 मध्ये झाडवाल्यांनी आपली स्वतंत्र कंपनीच काढली. तिची खूण? हिरवं झाड!

लंडनकडे घर घेणाऱ्या मराठी मंडळींसाठी एक कानमंत्र. इंग्लंडात करारांची देवाणघेवाण झाली की घराची जोखीम साधारणपणे खरेदीदारावर येते, चावी मिळायच्या आधीच. आणि थंडीत घर रिकामं ठेवायचं असेल, तर हीटिंग चालू ठेवा किंवा नळातलं सगळं पाणी काढून टाका, अशी अट असते, कारण गोठलेलं पाणी पाइप फोडतं.

तेव्हा घराला कुलूप लावण्याआधी पॉलिसी उघडा आणि रिकाम्या घराचं कलम शोधा. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत घर बंद असेल' असा ईमेल कंपनीला करा आणि मंजुरी लेखी मिळवा. एजंट फोनवर 'हो हो, चालतंय' म्हणाला, तर त्यालाही नम्रपणे सांगा, 'तेवढं ईमेलवर टाका ना.'