बिनपावतीचं बियाणं घेऊ नका



मे महिना लागला की गावात एकच चर्चा, यंदा कपाशीचं बियाणं कोणतं? त्यातच कोणीतरी हळूच सांगतं, "चोर बीटी मिळतंय. तणनाशक मारलं तरी कपाशी जळत नाही, निंदणीचा खर्च वाचतो." बियाण्यासाठी आपल्यातल्या अनेकजणी गटातून कर्ज उचलतात. म्हणून हे आधी समजून घ्या.

बीटी म्हणजे काय?
मातीतल्या एका जिवाणूचं जनुक कपाशीत घातलेलं असतं. त्यामुळे बोंडअळीला मारणारं प्रथिन झाडातच तयार होतं. मावा, तुडतुड्यांवर त्याचा उपयोग नाही.

तपासणी कोण करतं?
असं बियाणं विकायला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयातल्या 'जीईएसी' समितीची मंजुरी लागते. नवं प्रथिन विषारी आहे का, त्याची ॲलर्जी होते का, सरकी खाणाऱ्या जनावरांना त्रास होतो का, मधमाश्यांवर आणि मातीवर काय परिणाम होतो, हे आधी तपासतात. बीटी कपाशीला २००२ साली मंजुरी मिळाली. बीटी वांग्याला समितीने २००९ मध्ये होकार दिला होता, पण केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये ते थांबवलं.

मंजुरी मिळाली म्हणजे काळजी संपली, असंही नाही. गुलाबी बोंडअळी आता बीटीला दाद देत नाही. म्हणून कामगंध सापळे लावा, बोंडं फोडून बघत राहा.

मग चोर बीटीत अडचण काय?
त्याला मंजुरी नाही. याचा अर्थ ते विषारीच आहे असा नाही. पण पुडीत नेमकं काय आहे, याची जबाबदारी कोणाचीच नाही. उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? शिवाय त्यावर मारलेलं तणनाशक वाऱ्याने शेजारच्या तुरीवर गेलं तर तूर जळते. निंदणीचा खर्च वाचतो म्हणतात, पण ती मजुरी आपल्याच बायांच्या हातची असते, हेही लक्षात घ्या.

बियाणं घेताना
• परवानाधारक दुकानातूनच घ्या, पक्की पावती मागा.
• पाकिटावरचा लॉट नंबर आणि मुदत पावतीशी जुळवून बघा.
• पावती, रिकामं पाकीट आणि थोडं बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा.
• उगवण कमी झाली तर लगेच पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या.

पुढच्या बैठकीत हे वाचून दाखवा. बियाण्यासाठी कर्ज देताना पावती बघायची, असा ठरावच करा ना!