विनोदाला क्रमांक देताना

ब्रिटिश टीव्हीवरची सर्वोत्तम विनोदी मालिका कोणती, यावर तिथले रसिक वर्षानुवर्षे हिरिरीने वाद घालत आले आहेत. या वादाला निमित्त पुरवणाऱ्या याद्याही अधूनमधून निघत असतात. २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने टीव्ही क्षेत्रातल्या जाणकारांचा कौल घेऊन शंभर श्रेष्ठ ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली. तीत नाटके होती, मुलाखती होत्या, मुलांचे कार्यक्रम होते. तरी पहिला क्रमांक मिळाला तो अवघ्या बारा भागांच्या 'फॉल्टी टॉवर्स' या विनोदी मालिकेला. चार वर्षांनी बीबीसीने केवळ विनोदी मालिकांसाठी प्रेक्षकांची मते मागवली. त्या वेळी तीन लाख चाळीस हजारांहून अधिक मते मिळवून 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' पहिली आली, 'ब्लॅकअ‍ॅडर' दुसरी, 'द व्हिकार ऑफ डिब्ली' तिसरी, 'डॅड्स आर्मी' चौथी, आणि जाणकारांची लाडकी 'फॉल्टी टॉवर्स' पाचव्या जागी गेली. २०१९ मध्ये 'रेडिओ टाइम्स' साप्ताहिकाने पुन्हा तज्ज्ञांना विचारले, तर 'फॉल्टी टॉवर्स' परत पहिली आणि 'फादर टेड' दुसरी. या दुसऱ्या मालिकेला २००४ च्या पहिल्या दहांत जागाही मिळाली नव्हती.

यावरून दोन निष्कर्ष चटकन काढले जातात. कोणी म्हणतो, सामान्य प्रेक्षकाला पारख नाही. कोणी म्हणतो, तज्ज्ञांना लोकांची नाडी कळत नाही. हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. या याद्यांची उत्तरे जुळत नाहीत, कारण त्यांना विचारलेले प्रश्नच वेगवेगळे आहेत. 'सर्वोत्तम' या एका शब्दाखाली किमान तीन गुण मोजले जातात. पहिला कारागिरीचा : संहिता, अभिनय आणि रचना किती निर्दोष आहे. दुसरा सहवासाचा : ही माणसे प्रेक्षकाच्या आयुष्यात किती मुरली. आणि तिसरा प्रभावाचा : या मालिकेमुळे नंतरच्या विनोदाची वाट बदलली का. हे तिन्ही गुण खरे आहेत. पण ते क्वचितच एकाच मालिकेत सारख्या प्रमाणात सापडतात. म्हणून चाहत्यांनी भांडावे ते क्रमांकावरून नव्हे, निकषावरून. निकष ठरला की वाद नुसत्या आवडीनिवडीपुरता उरत नाही आणि विनोद कसा घडतो हे त्यातून शिकता येते.

कारागिरीचा निकष लावला तर 'फॉल्टी टॉवर्स'ला पहिला क्रमांक का मिळतो, हे दाखवून देता येते. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी मिळून लिहिलेली ही मालिका १९७५ मध्ये सहा आणि १९७९ मध्ये सहा भाग होऊन संपली. टॉर्की या समुद्रकाठच्या गावातले एक छोटे हॉटेल, तिथला तिरसट मालक बेझिल, त्याची करारी बायको सिबिल आणि इंग्रजी धड न समजणारा स्पॅनिश वेटर मॅन्युएल, एवढाच पसारा. 'कम्युनिकेशन प्रॉब्लेम्स' हा एक भाग पाहा. बेझिलने बायकोच्या नकळत घोड्यावर पैसे लावून चार पैसे जिंकलेले असतात. तो मॅन्युएलला बजावतो की या पैशांबद्दल तुला काहीएक ठाऊक नाही. त्याच वेळी कमी ऐकू येणाऱ्या एका भांडखोर पाहुणीचे पैसे हरवतात आणि संशय बेझिलच्या पैशांवर येतो. आता हे पैसे आपलेच, अशी साक्ष देणारा एकच माणूस असतो, मॅन्युएल. आणि तो इमानाने सांगतो की मला काही ठाऊक नाही. मालकाने आपल्या सोयीसाठी दिलेला हुकूम नेमका त्याच्यावरच उलटतो. यात योगायोगाचा भाग फार थोडा आहे. प्रत्येक घटना आधीच्या घटनेतून आणि प्रत्येक घटना माणसाच्या स्वभावातून निघते. फार्स लिहिणाऱ्याला हे साधणे किती कठीण असते, ते त्या धंद्यातल्या माणसांना पक्के ठाऊक असते. जाणकारांच्या याद्यांत ही मालिका वर राहते ती त्यामुळेच.

सहवासाचा निकष मात्र वेगळी मालिका वर आणतो. जॉन सलिव्हन यांची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' १९८१ मध्ये सुरू झाली. दक्षिण लंडनच्या पेकहॅम भागात सरकारी इमारतीतल्या घरात राहून बाजारात कसलाही माल विकणारा डेल, त्याचा धाकटा भाऊ रॉडनी आणि म्हातारे आजोबा यांचे हे घर. 'लवकरच आपण करोडपती होऊ' हे डेलचे स्वप्न. सुरुवातीच्या पर्वाला फारसा प्रेक्षक मिळाला नव्हता. मालिका हळूहळू लोकांच्या घरात शिरली. डिसेंबर १९८४ मध्ये आजोबांची भूमिका करणारे लेनर्ड पिअर्स वारले. सलिव्हन यांनी ते पात्र गुपचूप गायब केले नाही किंवा दुसऱ्या नटाच्या हवाली केले नाही. त्यांनी आजोबांचा मृत्यू कथेत आणला आणि अंत्यविधीचा प्रसंग लिहिला. हसवणाऱ्या मालिकेने प्रेक्षकाला शोकातही सामील करून घेतले. १९९६ च्या नाताळात डेल आणि रॉडनी अखेर खरोखर श्रीमंत होतात, तो भाग सुमारे २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. ब्रिटिश विनोदी मालिकेला तितके प्रेक्षक आजवर मिळालेले नाहीत. देशातल्या दर पाच माणसांपैकी दोघे त्या रात्री एका कुटुंबाचे नशीब उघडताना पाहत होते. रचनेतल्या कसबावरून केलेल्या मोजणीत हे नाते बसणार नाही. पण ते निर्माण करणे हीसुद्धा मोठी कलाच आहे.

तिसरा निकष प्रभावाचा. १९६२ मध्ये रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन यांनी 'स्टेप्टो अँड सन' लिहिली, तेव्हा भंगारवाल्या बापलेकाच्या भूमिकांसाठी त्यांनी विनोदवीर घेतले नाहीत, रंगभूमीवरचे कसलेले नट घेतले. घरातून सुटू पाहणारा मुलगा आणि त्याला सोडू न शकणारा बाप यांच्या ओढाताणीत हसू आणि वेदना शेजारी शेजारी आली, आणि पुढच्या लेखकांना नवी वाट दिसली. अमेरिकेत तिच्यावरून 'सॅनफर्ड अँड सन' निघाली. जॉनी स्पाइट यांच्या 'टिल डेथ अस डू पार्ट'वरून 'ऑल इन द फॅमिली' झाली. २००१ मध्ये रिकी जर्व्हेस आणि स्टीव्हन मर्चंट यांच्या 'द ऑफिस'ने ध्वनिमुद्रित हशा काढून टाकला, माहितीपटाचे सोंग घेतले आणि अवघडलेल्या शांततेतून हसू निर्माण केले. तिची अमेरिकी आवृत्ती २००५ ते २०१३ इतकी वर्षे चालली. भारतालाही हा प्रभाव नवा नाही. अँटनी जे आणि जोनाथन लिन यांच्या 'येस मिनिस्टर'चे हिंदी रूप 'जी मंत्रीजी' २००१ मध्ये आले. त्यात फारूक शेख मंत्री झाले होते आणि जयंत कृपलानी सचिव. 'माइंड युवर लँग्वेज'वरून पंकज कपूर यांची 'जबान संभालके' आली होती. एखाद्या मालिकेची चौकट परक्या मातीत रुजते, तेव्हा तिची ताकद केवळ स्थानिक संदर्भांत नव्हती हे सिद्ध होते.

निकषांखेरीज आणखी एक गोष्ट याद्या घडवते, ती म्हणजे परिस्थिती. १९५५ पर्यंत ब्रिटनमध्ये एकच टीव्ही वाहिनी होती. आयटीव्ही आल्यावर दोन झाल्या, १९६४ मध्ये बीबीसी टू आली आणि चॅनेल फोर थेट १९८२ मध्ये. त्या काळात सगळा देश एकच कार्यक्रम पाहून दुसऱ्या दिवशी त्यावर बोलत असे. तेव्हाच्या मालिकांना मिळालेली सामूहिक आठवण नंतरच्या मालिकांना मिळणे कठीणच. शिवाय जुन्या काळी चित्रफिती महाग म्हणून बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरत असे. 'डॅड्स आर्मी'च्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग आजही बेपत्ता आहेत. 'टिल डेथ अस डू पार्ट'चे साठच्या दशकातले कितीतरी भाग गेले. जे टिकले त्याचे पुनःप्रक्षेपण झाले, ज्याचे पुनःप्रक्षेपण झाले ते नव्या पिढीला आवडले आणि जे आवडले त्याला मते मिळाली. २००४ च्या पहिल्या दहांतल्या दहाही मालिका बीबीसीच्या होत्या, आणि मतदान घेणारीही बीबीसीच होती. याचा अर्थ त्या मालिका कमअस्सल होत्या असा होत नाही. मात्र यादी वाचताना हे ध्यानात ठेवायला हवे. जगभर, आपल्याकडेही, ब्रिटिश विनोद म्हटले की आधी आठवतो तो 'मिस्टर बीन'. त्या दहांत तोही नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जाईल की विनोद ही शेवटी ज्याची त्याची आवड. तिथे निकष कसले आणि चर्चा कसली? हसू येणे न येणे आपल्या हातात नाही, हे मान्य. पण हसू कशामुळे आले, हे तपासता येते. 'येस मिनिस्टर'मध्ये मंत्र्याचा पक्ष कधीच सांगितलेला नाही. लेखकांनी सरकारदरबारातल्या जाणत्या माणसांकडून माहिती मिळवली होती. त्यामुळे तिचा रोख एका पक्षावर न राहता निवडून आलेला माणूस आणि कायम खुर्चीत असलेला अधिकारी यांच्या नात्यावर राहिला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना ती प्रिय होती आणि त्यांच्या विरोधकांनाही. या निवडीमुळेच ती चाळीस वर्षांनंतरही शिळी वाटत नाही. याला कोणी निव्वळ आवड म्हणणार नाही. ही लेखनातली युक्ती आहे आणि तिचा परिणाम दाखवता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. विनोद लोकांसाठी असतो, तेव्हा लोकांचे मत हाच अंतिम निकाल का मानू नये? लोकमताचा मान ठेवलाच पाहिजे. पण ते सहवास मोजते आणि सहवासाला वेळ लागतो. रॉय क्लार्क यांनी एकट्याने लिहिलेली 'लास्ट ऑफ द समर वाइन' १९७३ पासून २०१० पर्यंत २९५ भाग चालली. 'फ्लीबॅग' दोन पर्वांत, बारा भागांत संपली. पहिलीने अनेक कुटुंबांना पिढ्यान् पिढ्या सोबत केली, दुसरीने एका तरुण बाईचे दुःख आणि अपराधभाव थोडक्यात, धारदारपणे मांडला. दोघींना एकाच मतपेटीत टाकले तर ज्यांनी अधिक वर्षे पाहिले त्यांचा आवाज मोठा होणारच. नव्या काळात एवढा जिव्हाळा शक्यच नाही, असेही नाही. २०२४ च्या नाताळात 'गॅव्हिन अँड स्टेसी'चा अखेरचा भाग त्याच रात्री एक कोटी वीस लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. तोही वर्षानुवर्षांच्या ओळखीचाच परिणाम होता.

तिसरा आक्षेप नैतिक आहे, आणि तो महाराष्ट्राच्या दारापर्यंत येतो. 'डॅड्स आर्मी' लिहिणाऱ्या जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी १९७४ ते १९८१ या काळात 'इट एन्ट हाफ हॉट मम' केली. तिची सुरुवातीची पर्वे नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत घडतात. पेरी स्वतः दुसऱ्या महायुद्धात तिथल्या करमणूक पथकात होते. अनुभव खरा असला तरी रंगी राम हा भारतीय सेवक साकारला मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, चेहऱ्याला रंग फासून. बेट्स यांचा जन्म झाशीचा होता. तरीही आपल्या माणसाची भूमिका आपल्या माणसाला मिळाली नाही आणि तो स्वतःला ब्रिटिश समजतो हाच त्याच्यावरचा कायमचा विनोद राहिला. ती मालिका त्या काळी अत्यंत लोकप्रिय होती. आज बीबीसी ती दाखवायचे टाळते. काही चाहते याला अतिरेक म्हणतात आणि काळाच्या चष्म्यातून पाहा असे सांगतात. काळ समजून घ्यावा, मालिका जपून ठेवाव्यात आणि अभ्यासाव्यातही. पण श्रेष्ठत्व ठरवताना विनोद कुणाच्या जिवावर झाला हे विचारणे रास्त आहे. कारण हाही कारागिरीचाच प्रश्न आहे. बेझिल फॉल्टी अपमान करतो तेव्हा शेवटी उघडा पडतो तो बेझिल. रंगी रामच्या बाबतीत तो तोल टिकत नाही. १९९८ मध्ये 'गुडनेस ग्रेशस मी' या मालिकेत संजीव भास्कर, मीरा स्याल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लिश हॉटेलात जेवायला गेलेले उद्दाम भारतीय दाखवले आणि इंग्रजांच्या सवयी त्यांनाच परत दाखवल्या. ब्रिटिश विनोदाच्या इतिहासात या उत्तराची जागा मोठी आहे.

म्हणून या वादात निकाल द्यायचाच तर तो निकषासह द्यावा. रचनेच्या कसबात 'फॉल्टी टॉवर्स' पहिली. माणसे जवळची करण्यात 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' पहिली. विनोदाचे रूपच बदलण्यात 'स्टेप्टो अँड सन' पहिली, कारण नंतरच्या कितीतरी मालिका तिने मोकळ्या केलेल्या वाटेने गेल्या. आणि तिन्ही गुणांचा मेळ एकत्र पाहायचा तर 'येस मिनिस्टर'चा क्रमांक वर लागावा. तिची रचना पक्की आहे, तिच्यातली माणसे तीनही पर्वांत आणि पुढच्या 'येस प्राइम मिनिस्टर'मध्ये आपली होत जातात, आणि निवडणुका व नोकरशाही असलेल्या कोणत्याही देशात ती समजते. तुम्हाला हा कौल पटणार नाही, असे होऊ शकते. तर मग तुमची यादी करा, पण आकड्याच्या आधी निकष लिहा आणि प्रत्येक नावापुढे एक प्रसंग पुरावा म्हणून द्या. अशा यादीवरून झालेला वाद कुणाचाही वेळ वाया घालवणार नाही.