बांबूच्या रंगमंचावरील रॉक

अरुणाचल प्रदेशातील झिरो खोरे हे अपातानी समाजाच्या भातखाचरांसाठी आणि त्याच पाण्यात वाढणाऱ्या माशांसाठी प्रसिद्ध आहे. येथे २०१२ साली बॉबी हानो व दिल्लीच्या ‘मेनव्होपॉज’ या बँडचे गिटारवादक अनुप कुट्टी यांनी संगीत महोत्सव सुरू केला. रंगमंच बांबूचा, श्रोते हिरवळीवर!

स्वतंत्र रॉक गीतांचे रीमिक्स घरबसल्या ऐकता येते. गायकाचा स्वर तोच राहतो. ठेका मात्र संगणकावर नवा चढतो. ते रंजक खरेच. पण मोठ्या कंपनीचे पाठबळ नसलेल्या कलावंताला तिकीट काढून समोर बसणारा रसिकच तारतो. मूळ गीत हे मुद्दल, रीमिक्स हे त्यावरील व्याज. मुद्दलच आटले, तर व्याज कोठून येणार?